तिसऱ्या रविवारचं वाचन

आमच्या ह्यांना अख्खं गाव 'भोंगा' म्हणायचं. बसस्टँडवर गाड्या पुकारायचं काम; आवाज असा की माइक बंद पडला तरी कोणाची गाडी चुकायची नाही. घरीसुद्धा हळू बोलणं माहीत नाही. शेजारीण म्हणायची, "तुमच्यात काल कशावरून भांडण झालं ते विसरलात तर मला विचारा."

मग ह्यांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि भोंगा बंद पडला. हातपाय सुधारले, पण शब्द काही येईनात. डोक्यात असायचे, ओठांपर्यंत येऊन अडायचे. वाचा शिकवायला येणाऱ्या बाई मला बजावून गेल्या, "त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही. मध्ये तोंड घालायचं नाही."

सांगायला काय जातं! ह्यांनी "पा… पा…" सुरू केलं की मी पाण्याचा पेला समोर आदळलाच. ह्यांना सांगायचं असायचं पाऊस आला, आणि तोवर दोरीवरचे कपडे भिजून चिंब. मग हे चिडणार, मी चिडणार. माझा स्वभाव मुळात उतावळा. दूध तापेपर्यंत उभं राहणंही मला शिक्षा वाटते. त्यात एकदा दुकानात साबण मागताना हे अडकले, मागची माणसं फिदीफिदी हसली, आणि तेव्हापासून हे घराबाहेरच पडेनात. दिवसभर खिडकीशी बसून. मला कीव यायची, रागही यायचा, आणि राग आला म्हणून स्वतःचा आणखी राग यायचा.

अशात आगमनकाळ लागला. नाताळाआधीचे हे रविवार म्हणजे वाट बघण्याचे. चर्चमध्ये दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढते आणि फादर धीराबद्दल बोलतात. मी मनात म्हणायची, फादर, एक दिवस आमच्या घरात काढा, मग बोलू धीराचं.

एका संध्याकाळी फादर ह्यांना भेटायला आले. जाताना मला म्हणाले, "तिसऱ्या रविवारचं वाचन भोंगा करणार आहे. त्यानेच मागून घेतलंय." तिसरा म्हणजे आनंदाचा रविवार, त्या दिवशीची मेणबत्तीही गुलाबी असते. माझं डोकंच फिरलं. मी ह्यांना म्हटलं, "अहो, साबण मागता येईना आणि देवाचं वचन वाचायला निघालात? भर चर्चमध्ये शोभा करून घ्यायचीय?" तिथेही लोक हसले तर हा माणूस पुन्हा उंबरठा ओलांडणार नाही, एवढं मला कळत होतं. त्याचीच धास्ती होती.

आठवडाभर तालीम चालली. मोजून चार ओळी. मी पुढचा शब्द सांगितला की हे कागद घेऊन न्हाणीघरात जायचे आणि आतून कडी लावायचे.

रविवारी हे वाचायला उभे राहिले. पहिली ओळ निघाली. दुसरी रखडत का होईना, निघाली. तिसऱ्या ओळीत 'आनंद' शब्द होता, तिथे गाडी रुतली. "आ… आ…" कपाळावर घाम. पुढच्या बाकावर कोणीतरी खोकलं, मागे कुजबुज सुरू झाली. बाईंचं सांगणं गेलं चुलीत! मी उठून मोठ्याने म्हणाले, "आनंद! अहो, आनंद म्हणा!"

ह्यांनी मान वर केली आणि माझ्यावर डोळे वटारले.

"थांब!" पार शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "मी… म्हणतो."

मी मटकन खाली बसले. कोणी हसलं नाही. सगळं चर्च गप्प राहून ह्यांची वाट बघत होतं, आणि जन्मात पहिल्यांदा मीसुद्धा. शब्द यायला चांगलाच वेळ लागला. लागू दे म्हटलं. रुमाल तोंडाला लावून मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळेना. नवरा चारचौघांत आपल्यावर खेकसला ह्याचा इतका आनंद होतो, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं.