आगीची घंटा आणि तानूबाईंची जागा

कार्तिक वद्य तृतीया, सन १९४६. पहाटे कृष्णेवर धुकं, दहानंतर कोरडं ऊन, वारा नाही.

कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये उडता कापूस रोज झाडला तरी कानाकोपऱ्यांत साचतोच. गोष्टींचंही तसंच आहे. सांगलीच्या आमच्या कारखान्यात मी स्टोअरचा कारकून. त्या हंगामात एका घंटेपायी इतक्या गोष्टी साचल्या, की थोड्या तरी झाडून काढाव्यात म्हणतो.

*

विमा कंपनीचे इन्स्पेक्टर मुंबईहून आले आणि शेडच्या दारात उभे राहून नियम सांगू लागले. आगीची सूचना द्यायला घंटा पाहिजे. ती दुसऱ्या कशालाही वाजवायची नाही. आठवड्यातून एकदा वाजवून बघायची.

भिकू मुकादम सगळं ऐकून म्हणाला, "सायेब, आग लागली की आमी बोंब मारतो. आष्ट्यापतूर ऐकू जाती."

"बोंब नियमात बसत नाही."

"मंग शिमग्यात काय करायचं?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि शेवटचा नियम सांगितला. "घंटा ऐकून जो बाहेर येणार नाही, त्याला मशीनवर बसवता येणार नाही. महिन्यानं येतो. तेव्हा बघू."

आम्ही सगळ्यांनी आत पाहिलं, कारण तिथे जिनवर तानूबाई बसल्या होत्या. अर्धं आयुष्य जिनच्या घरघरीत गेल्यामुळे त्यांना ऐकू येत नव्हतं. घरी दोन नातवंडं त्यांच्याच मजुरीवर होती.

भिकूने त्यांना खुणांनी सगळं समजावलं. कान, घंटा, दार.

त्या म्हणाल्या, "मला हितं ऐकाया ठिवलंय, का कापूस घालाया?"

*

भिकूने तासगावच्या बाजारातून पितळी घंटा आणली आणि शेडच्या दाराशीच टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला आलेल्या प्रत्येक बाईने ती वाजवली, हात जोडले आणि मग आत पाऊल टाकलं. कापसाच्या गाड्या घेऊन आटपाडीहून आलेल्या गाडीवानांनी चपला काढून वाजवली. चार दिवसांत घंटेला कुंकू लागलं. पाचव्या दिवशी झेंडूची माळ आली.

मी जिनवर बसणाऱ्या हौसाला म्हटलं, "अगं, ही आगीची घंटा. देवाची नव्हे."

"आवं अण्णा, डोक्यावर घंटा हाय आन् मुकाट खालनं जायाचं? बरं दिसतं व्हय?"

शेवटी घंटा तिथून काढून माझ्या स्टोअरच्या ओसरीत, हात पोचणार नाही अशा उंचीवर नेली. दोरी मात्र खाली सोडावी लागली. दोरीला गाडीवानांनी बैल बांधला.

*

पहिल्या सरावाला बायका बाहेर आल्या त्या भाकरीची गाठोडी, झोळीतली पोरं आणि कापसाच्या पाट्या घेऊन. भिकू ओरडला, "काय बी आणायचं न्हाई! नुसतं यायचं."

"पोर बी न्हाई?" एकीने विचारलं.

"पोर आणायचं."

"आन् भाकरी?"

"भाकरी न्हाई."

"आग इझल्यावर खायाचं काय, तुजं डोस्कं?"

यावर थोडी चर्चा झाली. पोर आणि भाकरी चालेल, पाटी चालणार नाही, असं ठरलं.

*

सगळ्या जिन ज्यावर फिरायच्या त्या इंजिनाचा ड्रायव्हर राजाराम नुकताच पलटणीतून सुटून आला होता. बायकांनी रांगेत कसं चालावं हे शिकवायचं त्याने मनावर घेतलं. तिकडे सायरन कसा वाजायचा, सगळे कसे खंदकात उतरायचे, हे तो रंगवून सांगायचा.

भिकूने विचारलं, "तितं बी आगीचं भ्या व्हतं का रं?"

"गड्या, तितं आग लावायचाच पगार व्हता."

*

तानूबाईंचं काय, हा प्रश्न तसाच होता. मग हौसानेच तोड काढली. ती त्यांच्या शेजारच्या जिनवर बसायची. "घंटा झाली की मी म्हातारीचा पदर वडीन. ती उठंल, माझ्यामागं यील. सायबाला काय कळतंय?"

सराव उत्तम होऊ लागला. घंटा, पदर, रांग, अंगण. भिकूला पक्की खात्री झाली की आपण पास. सराव तो दुपारच्या सुट्टीनंतर, इंजिन सुरू व्हायच्या आधी घ्यायचा. चालतं काम थांबवलेलं मालक शेठजींना खपत नसे. यात काही चुकतंय असं भिकूला वाटलं नाही, आणि मलाही नाही.

*

इन्स्पेक्टर आले ते ऐन कामाच्या वेळी. सगळ्या जिन चालू, जमीन थरथरतेय, सरकी खाली पडतेय. साहेबांनी अंगणात उभं राहून मला इशारा केला. मी दोरी ओढली.

कोणी आलं नाही.

मी पुन्हा ओढली. हात दुखेपर्यंत ओढली. शेडमधून फक्त घरघर येत होती. भिकूचा चेहरा सरकीच्या पेंडीसारखा झाला. मला तानूबाईंची नातवंडं दिसू लागली.

"असं असेल तर एकीलाही बसवता येणार नाही!" साहेब हात हलवत ओरडले.

शेजारच्या इंजिनघरातून राजारामला साहेबांचे हात दिसले, तोंड हलताना दिसलं, पण शब्द कळेना. काय म्हणतात ते ऐकायला त्याने इंजिन बंद केलं.

घरघर थांबली. जमीन थांबली. सगळीकडे शांत झालं आणि त्या शांततेतही आमची घंटा चाललेलीच.

आणि शेडच्या दारातून सर्वांत आधी तानूबाई बाहेर आल्या. एका हातात भाकरीचं गाठोडं. दुसऱ्या हातात हौसाचा पदर. मागे हौसा, पाटी सोडवेना म्हणून फरफटत. तिच्यामागे बाकीच्या सगळ्या, रांगेत.

तानूबाई सरळ साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कुठं पेटलंय?"

घंटेच्या आवाजात बोलणं जमेना, म्हणून साहेबांनी खुणेनेच विचारलं, सगळ्यांत आधी तुम्हाला कसं कळलं?

"पायाखालची भुई अवेळी गप झाली. ही पोरगी बसली कापूस भरत. लय भैरी हाय."

साहेबांनी नियमात एक ओळ वाढवली: आग लागल्यास आधी इंजिन बंद करावे, मग घंटा वाजवावी. तानूबाईंची जागा कायम राहिली. हौसाला दाराजवळच्या जिनवर हलवण्यात आलं.