खरबुजांची अंघोळ

फळं चिरून डब्यात भरायच्या त्या कारखान्यात तिला सगळे घासणी म्हणत. तिला राग येत नसे. करपलेलं पातेलं असो की खरबुजाच्या खरखरीत सालीतली माती, तिच्या हाताखालून गेलं की लखलखीत झालंच पाहिजे. "ही नव्या नवरीसारखी घर बघायला आली नाही, डाग बघायला आली," असं सासूबाई म्हणायच्या. ते कौतुक होतं की टोमणा, हे तिला आजवर कळलं नव्हतं.

तिचं काम म्हणजे आलेली फळं, चिरणाऱ्या बायकांकडे जायच्या आधी, टाकीतल्या पाण्यात धुवायची. पाण्यात जंतू मारायला ब्लीच घालायचं. डबे जायचे लहान मुलांच्या दवाखान्यात, त्यामुळे तिथे हयगय चालायची नाही. पण त्या पाण्यानं तिचे हात सोलवटून निघाले. रबरी मोजे घातले तर पाणी वरून आत शिरायचं आणि आतच मुरायचं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. मुलीची वेणी घालायला बसली की मुलगी अंग चोरायची. "आई, तुझे हात टोचतात गं. मी बाबांकडून घालून घेते." बाबांकडून! त्या माणसाला स्वतःच्या पायजम्याची नाडी धड बांधता येत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, ब्लीच सोडा, नाहीतर हे काम सोडा. सांगायला त्यांचं काय जातंय? मालकांना हात दाखवले, तर ते म्हणाले, हातमोजे घालत जा.

अशात एके दिवशी मुकादम एक डबा घेऊन आला. "लवंग-दालचिनीचा अर्क आहे. झाडाचंच, पण जंतू मारतं म्हणे. तपासणीत फळं चांगली निघाली तर ब्लीच बंद. नाही निघाली तर पहिले पाढे पंचावन्न."

घासणीला वाटलं, देव पावला. पण देव इतक्या स्वस्तात पावत नसतो.

पहिल्याच दिवशी अर्क तेलासारखा पाण्यावर तरंगत बसला. वरच्या खरबुजांना लवंगेचं अभ्यंगस्नान, खालच्यांना नुसतं साधं पाणी. संध्याकाळी घरी गेली तर नवऱ्यानं नाक वर केलं. "काय गं, कुणाची दाढ दुखतेय?" तिनं ताट जरा जोरात आपटलं.

मग कळलं की अर्क आधी दुसऱ्या एका पातळ औषधात फेटून घ्यायचा, तेव्हा तो पाण्यात मिसळतो. तिनं फेटला. दंड भरून येईपर्यंत फेटला. तपासणीचा निकाल आला, तर सालीवर जंतू आहेतच.

तपासणीच्या बाई वयानं लहान, पण बोलायला सरळ. त्या म्हणाल्या, "मावशी, सालीच्या जाळीत माती असते ना, हा अर्क त्या मातीवरच खर्ची पडतो. आधी साध्या पाण्यात घासा, मग यात बुडवा. आणि पाणी गढूळ झालं की बदला."

घासायचं म्हटल्यावर हिला काय सांगावं लागतंय! तिनं एकेक खरबूज बाळासारखं मांडीशी धरून घासलं, अर्कात बुडवलं, बाहेर काढून पुसून ओळीनं मांडलं. पाणी तर इतक्यांदा बदललं की मुकादम म्हणाला, "घासणीबाई, नदी वळवून आणू का इकडे?" चिरणाऱ्या बायकांतली एक हसली, "हिनं फळं धुवायचं सोडून मसाल्याचं दुकान काढलंय."

निकाल आला. पुन्हा जंतू.

आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मुकादम म्हणाला, "अजून एकदा बघू. ब्लीचचा डबा मी फेकलेला नाही." त्यानं ते हळू आवाजात सांगितलं, म्हणून ते जास्तच लागलं.

शेवटी तपासणीच्या बाई स्वतः येऊन तिच्या टाकीपाशी उभ्या राहिल्या. नुसत्या बघत राहिल्या. मग खिळ्यावरच्या पुसायच्या फडक्याकडे बोट केलं. "हे काय?"

"फडकं. ओलं फळ तसंच कसं पाठवायचं पुढे? आणि रोज उकळते बरं का मी ते!"

"सकाळी उकळता. दुपारपर्यंत सगळी खरबुजं त्याच एका फडक्यानं पुसता. एकाचे जंतू दुसऱ्याला लावता, मावशी. मग वरून सुरी फिरली की तेच आतल्या गरात जातात."

घासणीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं फडकं! ज्याच्या जिवावर तिनं आयुष्यभर घर, भांडी आणि नवऱ्याचा चष्मा लख्ख ठेवला! पण बाईंनी त्या फडक्याचा नमुना घेऊन नेला, आणि फडक्यावर जंतूंची जत्रा निघाली. म्हणजे इतके दिवस अर्क जंतू मारत होता आणि ही पुन्हा लावत होती.

दुसऱ्या दिवसापासून खरबुजं जाळीवर वाऱ्यावर सुकू लागली. ओली फळं ठिबकताना बघून तिचे हात शिवशिवायचे. ती ते पदरात गुंडाळून उभी राहायची आणि स्वतःलाच शिव्या घालायची.

या वेळी खरबुजं स्वच्छ निघाली. पण सुख टिकेल तर शपथ! द्राक्षांना हाच अर्क लावला, आणि आजारी पोरांनी द्राक्षं थुंकून टाकली. खरबुजाची साल फेकून देतात, द्राक्ष सालीसकट खातात, लवंगेचा वास जाईल कुठे? मालकांचा निरोप आला की खरबुजं अर्कात, द्राक्षं ब्लीचमध्ये.

मुकादमानं दोन्ही टाक्या तिच्यापुढे लावल्या. "अर्धं तरी सुटलं की नाही?"

"अर्ध्या हाताला भेगा पडतात का हो?" घासणी म्हणाली. "खरबुजं सगळी माझी. द्राक्षांना मी हात लावणार नाही."

"मग कोण धुणार?"

"तुम्ही. चांगले लोण्यासारखे हात आहेत तुमचे."

बायका खुदखुदल्या. माणसं कमी होती आणि डबे वेळेवर जायचे होते. मुकादमानं इकडेतिकडे पाहिलं, बाह्या वर केल्या आणि टाकी ओढत पलीकडच्या दारापाशी नेली. आठवडा सरायच्या आत तो तिला विचारत होता, "घासणीबाई, ते हाताला लावायचं मलम कुठलं हो?"

तिनं मलमाचं नाव सांगितलं. आणि म्हणाली, "मालकांना हात दाखवा आधी. माझे दाखवून झालेत."