सासूबाईंबरोबर बोटीतला एक दिवस

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि त्या बारा वर्षांत मी आणि सासूबाई अशा दोघीच कधी तासभरही एकत्र बसलो नव्हतो. भांडण वगैरे काही नव्हतं. त्या पुण्याला, आम्ही अमेरिकेत, ॲन आर्बरला. दोन वर्षांतून एकदा त्या यायच्या, तीन-चार महिने राहायच्या, आणि आमच्या मध्ये कायम कुणीतरी असायचं. नवरा, नाहीतर मुलगी, नाहीतर टीव्ही. मी त्यांना आई म्हणायचे, त्या मला ‘अगं’ म्हणायच्या. ‘कुकर लावू का?’ आणि ‘डबा घेतलास का?’ यापलीकडे आमचं बोलणं फारसं जात नसे, आणि दोघींनाही त्याची खंत नव्हती.

त्या सप्टेंबरात नवऱ्याने वर उत्तरेला, मॅकिनॉ पुलाच्या पलीकडच्या एका उपसागराची सहल ठरवली होती. लेक मिशिगनचा तो एक कोपरा आहे, कडेला चुनखडीचे उभे पांढरे कडे आहेत, आणि बोटीतून दिवसभर फिरवून आणतात. आई परत जायच्या आत त्यांना काहीतरी दाखवायचं, असं त्याच्या मनात होतं. निघायच्या दिवशी सकाळी मुलीला ताप भरला. एकशे दोन.

“कॅन्सल करू या,” नवरा म्हणाला.

“मी थांबते, तुम्ही दोघं जा,” मी म्हणाले. खरं तर मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

सासूबाई सोफ्यावर बसून मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तापात तिला बाबाच लागतो. आम्ही दोघी जातो की.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. नाही म्हणायला कारण सापडेना.

सात तासांचा ड्राइव्ह. पहिला तास मी रेडिओ लावला, दुसऱ्या तासाला बंद केला. सासूबाई रस्त्यावरच्या पाट्या एकेक अक्षर लावून मोठ्याने वाचत होत्या आणि प्रत्येक पाटीनंतर ‘असं असं’ म्हणत होत्या. पुलावर मात्र त्यांनी माझ्या सीटची कड घट्ट धरली. “तू बघ पुढे,” म्हणाल्या, “मी बघत नाही.” संध्याकाळी मोटेलमध्ये पोचलो, पोळी-भाजी खाल्ली आणि आठ वाजताच झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर चांगलीच थंडी होती. सासूबाईंनी सुती पातळ, त्यावर मुलाचं जाड जॅकेट, पायात स्पोर्ट्स शूज आणि डोक्याला कानटोपी असा वेष केला होता. बोट लहानशी होती, वर छप्पर आणि कडेने बाकं. आम्ही धरून दहा-अकरा जण असू. बोट चालवणारी बाई साठीची, उंच, पांढऱ्या केसांची एकच वेणी घातलेली. तिने सासूबाईंना लाइफ जॅकेट घालताना पदर आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा असा हातानेच प्रश्न केला. सासूबाईंनी पदर कमरेला खोचून दाखवला. बाई हसली आणि तिने अंगठा वर केला.

बोट सुटली. किनाऱ्याजवळ पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाशी फरशीसारखे पसरलेले दगडाचे सपाट थर दिसत होते. पुढे पाणी हिरवं झालं, मग गडद निळं. आणि एक वळण घेतल्यावर समोर ते कडे आले. पांढरे म्हणतात, पण उन्हात ते ताज्या लोण्याच्या रंगाचे दिसत होते. माथ्यावर देवदाराची झाडं कशीबशी तग धरून होती, आणि मधूनमधून पिवळी पडू लागलेली पानं. कॅप्टनबाईंनी इंजिन मंद केलं आणि सांगू लागल्या की फार फार पूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता, त्यातल्या शंख-शिंपल्यांचा आणि पोवळ्यांचा गाळ साचून हा दगड झाला.

मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, “हो, शिंपलेच. आमच्याही खडीत निघायचे कधी कधी, गोगलगायीएवढे.”

कुठल्या खडीत, हे मी विचारलं नाही. कड्याचा फोटो काढायचा होता.

दुपारी जेवायला बोट एका छोट्या गोल बंदरात थांबली. तिथे पूर्वी लोखंड गाळायचं गाव होतं, आता नुसती ओसाड घरं आणि हिरवळ. कॅप्टनबाईंनी सांगितलं की तासभर फिरा, पिकनिकची टेबलं आहेत. लोकांनी सँडविचं काढली. मी पिशवीतून डबा काढेपर्यंत सासूबाई शेजारी नव्हत्या. पाहते तर पातळ वर धरून झपाझप चालत होत्या, पार पलीकडे, किनाऱ्यालगतच्या एका दगडी बुरुजाकडे. गुडघ्यांचं दुखणं सांगणारी बाई ती हीच का, असं मला वाटलं. डबा तसाच सोडून मी मागे धावले.

बुरुज दोन माणसं उंच होता. खाली कमानीसारखं तोंड. सासूबाई वाकून त्या तोंडातून आत बघत होत्या.

“आई, पडाल. काय आहे तिथे?”

“भट्टी आहे,” त्या म्हणाल्या. “चुन्याची. हितनं जाळ घालायचा, वरनं खडी. एक थर लाकूड, एक थर खडी, परत लाकूड. आणि भाजून झालं की ह्याच तोंडानं वढून काढायचं.”

‘हितनं’, ‘वरनं’, ‘वढून’. पुण्यात पन्नास वर्षं काढलेल्या माझ्या सासूबाईंच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. त्या बोलत होत्या मराठीत, पण हात असे हलत होते की मागून आलेल्या कॅप्टनबाई थबकून पाहत उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबर एक म्हातारं जोडपं होतं.

“ह्या काय म्हणताहेत?” कॅप्टनबाईंनी मला विचारलं.

मी सांगितलं. कॅप्टनबाई म्हणाल्या, “मी इतकी वर्षं लोकांना सांगतेय की जाळ फक्त खाली असायचा. थर लावायचे?”

“थर लावल्याशिवाय मधला दगड कच्चा राहतो,” सासूबाई म्हणाल्या. “सांग तिला.”

मग त्या तिघांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मी मधे दुभाषी. दगड भाजला हे कसं कळायचं, असं त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं. सासूबाईंनी खालचा एक पांढरा दगड उचलून तळहातावर तोलला. “हा कच्चा आहे, म्हणून जड. भाजला की निम्मा हलका होतो. दोन खडे एकमेकांवर वाजवले तर मडक्यासारखा आवाज यायला पाहिजे. आणि तरीही खात्री नसेल तर एक खडा पाण्यात टाकायचा. चांगला असला तर पाणी उकळतं आणि खडा फुटून त्याचं पीठ होतं.”

“न तापवता उकळतं?” म्हाताऱ्या बाईंना खरं वाटेना.

सासूबाईंनी जॅकेटची डावी बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडीवर फिकट, सुरकुतलेला डाग होता. तो मी बारा वर्षं पाहत आले होते. दिवाळीत चकल्या तळताना तेल सांडलं, असं मला सांगितलेलं होतं. “ही त्या पाण्याची खूण,” त्या म्हणाल्या.

मी ते इंग्रजीत सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच कळलं की मी काय सांगतेय.

जेवायला वेळ उरला नाही. बोट निघायची वेळ झाली.

परतीच्या वाटेवर वारा उठला. सकाळी आरशासारखं असलेलं पाणी आता काळपट झालं होतं, आणि लाटा बोटीला आडव्या बसत होत्या. कॅप्टनबाई म्हणाल्या, काळजीचं कारण नाही, थोडे धक्के बसतील. सासूबाई बाकावर मांडी घालून निवांत होत्या. मला मात्र वीस मिनिटांत घाम फुटला. मी कठड्यावरून वाकले आणि सकाळची कॉफी लेक मिशिगनला अर्पण केली. एकदा, मग परत एकदा.

पाठीवर एक हात आला. दुसरा हात कपाळाला लागला, लहानपणी माझी आई उलटी होताना धरायची तसा. “होऊ दे,” सासूबाई म्हणाल्या. “लाजू नकोस. सगळे समोर बघताहेत, तुझ्याकडे कुणी बघत नाही.” मग त्यांनी आवळासुपारीचा एक तुकडा माझ्या तोंडात घातला आणि मला स्वतःच्या खांद्याला टेकवून बसवलं.

“लांब बघ,” त्या म्हणाल्या. “मी बोलते. तू नुसतं ऐक, म्हणजे पोटाकडे लक्ष जाणार नाही.”

आणि त्यांनी सांगितलं. फलटणजवळच्या गावात त्यांच्या वडिलांची चुन्याची भट्टी होती आणि चुना मळायची, बैलाने ओढायची घाणी. घाणीत चुना आणि वाळू मळून तो माल दूर दूर जायचा. त्या सतरा वर्षांच्या असताना वडिलांच्या छातीने दगा दिला. धूळ आणि धूर. खोकल्याने उभं राहवेना. तेव्हा एका शाळेच्या बांधकामाचं काम अंगावर घेतलेलं होतं. भाऊ लहान. मग भट्टी सासूबाईंनीच लावली. कामाला तीन बायका आणि एक म्हातारा गडी होता. दोन हंगाम त्यांनी भट्टी चालवली.

“भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“पहिल्या भट्टीला वाटली. निम्मा माल कच्चा निघाला. वडील खाटेवरून एवढंच म्हणाले, ‘वारा बघितला नाहीस तू.’ दुसरीपासून वारा बघूनच लावली. मग एकदाही कच्ची निघाली नाही.” हे म्हणताना त्यांची मान ताठ झाली. मला ती खांद्यावरून जाणवली.

पुढे सिमेंट आलं, भट्टी बंद पडली, आणि त्यांचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, सरकारी कचेरीत. मामांनी बजावून सांगितलं की भट्टीचा विषय काढायचा नाही. दगड फोडलेली, मजुरांत वावरलेली मुलगी पुण्याच्या घरात कोण करून घेईल? वडिलांचा बांधकामाचा व्यवसाय होता म्हणायचं, आणि मुलगी घरी शिवणकाम करायची.

“आणि हात?”

“तेल सांडलं.” त्या म्हणाल्या. “ह्यांनाही तेच सांगितलं. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, अगदी मायेनं. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मग वर्षं गेली, आणि एवढ्या वर्षांनी काय सांगायचं असं झालं. ते गेले. त्यांना तेलच माहीत.”

मी त्यांचा हात हातात घेतला, तोच डावा. त्यांनी तो काढून घेतला नाही.

“आज मग एकदम कसं सांगितलंत?”

“त्या बाईनं विचारलं ना. मला कुणी आजवर विचारलंच नव्हतं, भट्टी कशी लावतात ते.”

धक्क्याला लागलो तेव्हा ऊन परत आलं होतं. कॅप्टनबाईंनी मला हात देऊन उतरवलं, आणि सासूबाईंना मात्र मिठीच मारली. “हिला सांगा,” त्या मला म्हणाल्या, “उद्यापासून मी थर लावूनच सांगणार आहे.” सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “वाऱ्याचंही सांग म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी परतीच्या सात तासांत रेडिओ लागलाच नाही. मी विचारत होते, त्या सांगत होत्या. बैलाचा स्वभाव, कळीचा चुना कसा साठवायचा, कामावरच्या बायका शाळेच्या बांधकामावरच्या मुकादमाच्या नकला कशा करायच्या. मग त्यांनी मला विचारलं की ऑफिसात मी नेमकं करते तरी काय. बारा वर्षांत मलाही ते कुणी विचारलं नव्हतं. मी डेटाचं काम सोपं करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे चाळायचं काम. खडी चाळायची, बारीक वेगळी, जाड वेगळी.” ते इतकं बरोबर होतं की मी नुसतं हो म्हटलं.

घरी पोचलो तेव्हा मुलीचा ताप उतरला होता. संध्याकाळी वरण-भात जेवताना सासूबाईंनी मुलाला सगळं स्वतः सांगितलं. नवऱ्याचा घास हातातच राहिला.

“आई, मला का नाही सांगितलंस कधी?”

“लाज वाटायची,” त्या सरळ म्हणाल्या. “आता नाही वाटत.”

मुलगी सगळं लक्ष देऊन ऐकत होती. “आजी, सो यू वेअर द बॉस?”

मी मराठीत सांगायला तोंड उघडलं, पण सासूबाईंना कळलं होतं. “येस,” त्या म्हणाल्या. “बॉस.” आणि तिच्या भातावर तुपाची धार सोडली.

नवरा उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसला. त्याने त्यांचा हात उलटासुलटा करून पाहिला, पहिल्यांदा पाहत असल्यासारखा. मग म्हणाला, “बाबांना आवडलं असतं, आई. ते उलट सगळ्यांना सांगत सुटले असते.” सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या हसल्याही. “हो,” म्हणाल्या, “त्यांच्या पोटात काही राहायचं नाही.”

ऑक्टोबरात त्या परत गेल्या. पूर्वी त्यांचा फोन नवऱ्याच्या मोबाइलवर यायचा आणि शेवटी माझ्या हातात दोन मिनिटं दिला जायचा. आता रविवारी सकाळी माझा फोन वाजतो, आणि नवरा विचारतो, मला कधी देणार?

डिसेंबरात एका रविवारी त्या नेहमीपेक्षा मोठ्याने बोलत होत्या. भाच्याला घेऊन त्या गावी गेल्या होत्या, भट्टीची जागा बघायला.

“काही शिल्लक आहे का?” मी विचारलं.

“काही नाही गं. तिथे मंगल कार्यालय झालंय, मोठं थोरलं. आम्ही गेलो तर आत लग्न चालू होतं. भाचा म्हणाला, चल आत्या, परत जाऊ.”

“मग?”

“मग काय? दारातल्या मुलीनं अत्तर लावलं, आत या म्हणाली. म्हटलं, जागा आमचीच होती. पंगतीला बसलो, जिलबी खाल्ली, नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या आणि आलो,” त्या म्हणाल्या, आणि फोनवर कितीतरी वेळ हसत राहिल्या.