साडेसहा फुटांचं कपाट

माझ्या बायकोचं लोखंडी कपाट भंगारवाल्याला माझ्या सुनेने दिलं, असं आमच्या नात्यातले लोक मानतात. माझी मुलगी तर तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, आमच्या मुलुंडच्या घराची पायरी चढली नव्हती. ते कपाट सुनेने दिलं नाही, मी दिलं. हे मी आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी लिहितो आहे, त्यामुळे उशीर झाला हे कुणी मला सांगायला नको.

सुरुवात झाली ती नव्या कपाटांपासून. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला. घर दोन बेडरूमचं, आणि सामान तीन पिढ्यांचं. पलंगाखाली बॅगा, दारामागे पिशव्या, माळ्यावर काय आहे ते कुणालाच माहीत नाही. सुनेने ठरवलं की दोन्ही खोल्यांत भिंतभर, जमिनीपासून छतापर्यंत मापाची कपाटं करून घ्यायची. त्यासाठी एक डिझायनर मुलगी आली. हातात लाल ठिपका मारणारं माप घ्यायचं यंत्र, काखेत टॅब. तिने माझ्या खोलीत येऊन मला विचारलं, "काका, तुमचे शर्ट किती? त्यातले हँगरला किती आणि घडीचे किती?"

मी म्हणालो, "माझे शर्ट मोजायला तुम्हाला बोलावलंय का?"

"त्याच्यावरच डिझाईन होतं काका. बनियनपासून सगळं मोजतो आम्ही."

मी एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होतो. खिळ्यापासून मोटारीपर्यंत प्रत्येक नग कुठल्या रॅकवर, कुठल्या खणात आहे हे मला तोंडपाठ असे. त्या मला ही पोरगी कपडे कसे ठेवायचे ते शिकवत होती. तिला लागेल असं जितकं बोलता येईल तितकं मी बोललो. ती हसून टॅबवर काहीतरी लिहीत राहिली, त्याचा मला आणखी राग आला.

माझ्या खोलीत बायकोचं कपाट होतं. ती जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. कपाट तिचं, घाटकोपरच्या चाळीतल्या खोलीपासूनचं. आत तिच्या साड्या, दाराला लांब आरसा, आणि त्या आरशाच्या कडेला तिने रोज रात्री काढून चिकटवलेल्या टिकल्या. पाच-सहा तशाच राहिल्या होत्या. डिझायनरचं म्हणणं, हे काढून टाका, सगळा लूक जातो. सून म्हणाली, "ते राहणार. त्याच्याभोवती करा." मग असं ठरलं की नव्या लाकडी कपाटाच्या मधोमध एक मोकळा कप्पा सोडायचा, लोखंडी कपाट बरोबर त्यात बसवायचं, आणि वर बंद माळा. माझ्या मुलीने फोनवर हे ऐकलं तेव्हा ती खूश झाली होती. हे सगळं सुनेने केलं, मी यातलं काहीही केलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

डिझायनर कपाटाचं माप घ्यायला निघाली तेव्हा सून तिला म्हणाली, "ते माप बाबा देतील. त्यांना चांगलं जमतं." मला त्यात आपल्याला कामाला लावल्यासारखं वाटलं. आज कळतं की मी सकाळपासून त्या मुलीवर भुंकत होतो, आणि मला सामील करून घ्यायची ती सुनेची पद्धत होती.

मी टेप घेतली नाही. असल्या कपाटांचं माप काय घ्यायचं? आमच्या ऑफिसात अशी अकरा होती. मी जुन्या पाकिटाच्या मागे स्टोअरच्या सवयीने लिहिलं: लोखंडी कपाट, एक नग, उंची साडेसहा फूट, रुंदी तीन फूट. खाली रेघ मारली, सही केली. डिझायनरने विचारलं, "काका, जमिनीपासून ना?"

"जमिनीपासूनच. हवेत ठेवतात का कपाट?"

ठेवलेलं होतं हवेतच. घाटकोपरच्या खोलीत पावसाळ्यात पाणी शिरायचं, म्हणून बायकोने त्याच्या चार पायांखाली चार लाकडी ठोकळे घातले होते, चार-चार बोटं उंचीचे. मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर आलो तरी ते ठोकळे आले. मी वर्षानुवर्षं त्या कपाटासमोरच्या पलंगावर झोपलो. मला ते ठोकळे आठवले नाहीत.

महिनाभराने गोवंडीच्या वर्कशॉपमधून कापून, कडा चिकटवून तयार झालेल्या फळ्या आल्या. हल्ली घरी रंधा चालत नाही, भुसा पडत नाही. सगळं तिकडेच कापतात आणि इथे फक्त स्क्रूने जोडतात. सकाळी मुलगा आणि सून कामाला गेले. देखरेखीला मी. दोन फिटर होते. दुपारपर्यंत त्यांनी सांगाडा उभा केला, वरचा माळा लावला, आणि मग लोखंडी कपाट सरकवायला घेतलं. ते माळ्याच्या कडेला अडलं.

मोठा फिटर खाली वाकला आणि हसला. "काका, खाली ठोकळे हायेत. माप बिनाठोकळ्याचं दिलंय. कुणी दिलं माप?"

मी म्हणालो, "सूनबाईंनी."

हे मी ठरवून म्हणालो नाही. पण म्हणालो.

"काय टेन्शन नाय," तो म्हणाला. "ठोकळे काढतो, बरोबर बसेल. दहा मिनिटं."

"ठोकळ्यांना हात लावायचा नाही."

"मग फळी नवी आणायला लागेल काका. थांबा, मॅडमना फोन करून विचारतो."

त्याने खिशातून फोन काढला. तो फोन लावणार, सून म्हणणार की माप तर बाबांनी दिलं, आणि हे दोघं माझ्याकडे बघणार. एवढंच होणार होतं. जास्तीत जास्त हसले असते. संध्याकाळी सुनेने ते डिझायनरला सांगितलं असतं, तीही हसली असती. तीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला घरातल्या कपाटाचं माप देता आलं नाही. ते मला सहन होणार नव्हतं.

मी म्हणालो, "फोन नको. ते कपाट ठेवायचंच नाही."

"नक्की काका?"

"सांगितलं ना."

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत होता. मी खिडकीतून त्याला हाक मारली. कपाट उघडलं, साड्या दोन चादरींत बांधल्या. माझ्या पलंगावर फळ्या रचलेल्या होत्या, म्हणून ती गाठोडी मुलाच्या खोलीत, त्यांच्या बेडवर नेऊन ठेवली. भंगारवाल्याने आणखी एक माणूस आणला. कपाट आडवं करून जिन्यातून नेताना आरशात आमच्या जिन्याचा कठडा दिसत होता, आणि कडेला त्या टिकल्या. मी दार लावून घेतलं. खोलीत जमिनीवर चार ठोकळे कपाटाच्या चार कोपऱ्यांच्या जागी तसेच राहिले होते, मधे चौकोनी धूळ. मी ते पायाने भिंतीकडे सारले.

संध्याकाळी मुलगी दहिसरहून आली. आईचं कपाट नव्या जागी कसं दिसतं ते बघायला मुद्दाम आली होती. आधी माझ्या खोलीत गेली, तिथे रिकामा कप्पा. मग भावाच्या खोलीत गेली, तिथे वहिनीच्या बेडवर आईच्या साड्यांची गाठोडी. ती बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, कपाट कुठाय?"

"भंगारवाला घेऊन गेला."

"कुणी दिलं?"

मी वर्तमानपत्राची घडी घातली. "आता जाऊ दे ना," मी म्हणालो. "तुझ्या वहिनीला हे सगळं नवीन करायचं होतं. गेलं ते गेलं."

या वाक्यात खोटा असा एकही शब्द नाही. मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं आहे.

तेवढ्यात सून आली, खांद्याला डब्याची पिशवी. मुलीने तिला चप्पलसुद्धा काढू दिली नाही. "वहिनी, आईच्या साड्या टाकायच्याच होत्या तर मला फोन करायचा. मी येऊन नेल्या असत्या. बोहारणीला दिल्यासारख्या गाठोड्यात काय बांधल्यास?"

"मी बांधल्या नाहीत. मी आत्ता येतेय."

"मग कुणी, बाबांनी? त्यांना साडीची घडी तरी येते का?"

सुनेने माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्राकडे पाहिलं. मुलगा मागोमाग आला, त्याला सगळं ऐकवलं गेलं, आणि तो बायकोला म्हणाला, "अगं, निदान विचारून तरी करायचं होतंस यार." सून आत गेली. मुलीने दोन्ही गाठोडी उचलून नेली. जिन्यातून म्हणाली, "या घरात आता माझं काही राहिलं नाही."

नव्या कपाटांची दारं आणि ड्रॉवर एका खास बिजागरीवर असतात. कितीही जोराने ढकला, शेवटच्या वीतभर अंतरात ती दमाने, आवाज न करता बंद होतात. दोन वर्षं आमच्या घरात सगळे एकमेकांवर चिडलेले होते आणि कुणालाही दार आपटता येत नव्हतं. सून माझं सगळं करायची. औषधं, जेवण, डॉक्टर. बोलायची तेवढंच: "बाबा, वाढलंय." भाऊबीजेला मुलगा एकटा दहिसरला जायचा. इमारतीतल्या बायका खाली बाकावर सुनेबद्दल बोलत, मी शेजारच्या बाकावर ऐकत बसे. एकदा एकीने मला विचारलं, "काका, जपून राहता ना?" मी मान हलवली. त्याबद्दल मला कसलीही सबब सुचत नाही.

आणि तो मोकळा कप्पा तसाच होता, भिंतभर देखण्या लाकडात पडलेल्या दातासारखा. मी त्यात प्लास्टिकची खुर्ची आणि रद्दी ठेवत असे.

मग या वर्षी नातीचा, म्हणजे मुलीच्या मुलीचा साखरपुडा ठरला. मुलीने भावाला फोन करून सांगितलं, तू आणि बाबा या. तिसऱ्या माणसाचं नाव नाही. जेवताना मुलगा म्हणाला, "आपण दोघंच जाऊन येऊ बाबा." सून पोळी वाढत होती. ती म्हणाली, "जा." त्या पोरीला दहावीला गणित सुनेने शिकवलं होतं. दर शनिवारी मुलुंडहून दहिसरला जाऊन.

मी घास खाली ठेवला आणि म्हणालो, "ते कपाट मी दिलं होतं."

सून म्हणाली, "माहीत आहे."

ती उठली, त्यांच्या खोलीतल्या नव्या कपाटाचा ड्रॉवर उघडला आणि ते पाकीट आणून ताटाशेजारी ठेवलं. साडेसहा फूट. खाली रेघ, सही. "डिझायनरकडून परत घेतलं होतं मी. आणि ठोकळे जमिनीवर पडले होते. लहान मुलालाही कळलं असतं."

मुलगा तिला म्हणाला, "मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. त्याच संध्याकाळी, दारात उभी राहून. तू काय म्हणालास ते आठव." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता: "बाबा, मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा. आणि फोनवर नको."

दुसऱ्या दिवशी मी दहिसरला गेलो. मुलगी निमंत्रणांची यादी करत बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पाकिटापासून भंगारवाल्यापर्यंत. तिने पेन बंद केलं.

"दोन वर्षं मी तिला काय काय बोलले, बाबा. नातेवाइकांत, लग्नकार्यांत बोलले. तुम्ही समोर बसून ऐकत होतात."

"हो."

"आणि कशासाठी? ठोकळे विसरलात म्हणून?"

"हो."

"आई रोज त्या कपाटाखाली केरसुणी घालायची. गुडघे गेले तरी वाकायची. तुम्ही पाय वर घ्यायचात पलंगावर, ती वाकलेली असायची. एकदा तरी वाकून बघितलंत, खाली काय आहे?"

मी नाही म्हणालो. तिने मला चहा विचारला नाही. मीही अपेक्षा केली नव्हती, पण रिक्षात बसल्यावर मला त्याचा राग आला. तोही इथे लिहून ठेवतो.

रविवारी ती मुलुंडला आली, दोन्ही गाठोडी घेऊन. दारात ती आणि सून काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, कारण मी बाहेर आलो तशा त्या गप्प झाल्या. दुपारभर दोघी माझ्या खोलीत साड्या उलगडत, घड्या घालत बसल्या होत्या. मला जेवायला मुलाने हाक मारली. ते चार ठोकळे वॉशिंग मशीनखाली आहेत, हे मुलीने तेव्हा पाहिलं असावं. सुनेने ते दोन वर्षांपूर्वीच तिथे घातले होते. मी रोज त्याच मशीनवर टॉवेल ठेवत होतो.

संध्याकाळी तोच मोठा फिटर आला. त्या मोकळ्या कप्प्यात आता साड्यांसाठी फळ्या बसवायच्या होत्या. त्याने मला ओळखलं. टेप पुढे करून म्हणाला, "काका, माप?"

"माप मी देते," सून म्हणाली आणि टेप घेतली.

मी दारात उभा होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मुलीला विचारलं, "साखरपुड्याला किती वाजता निघायचं?"

"दादा-वहिनी सकाळीच येतायत, मला मदतीला. तुम्ही बघा तुमचं," ती म्हणाली, आणि टेपचं टोक जमिनीला नीट टेकलंय का ते बघायला खाली वाकली.