स्टोव्ह घरी राहिला ती पचमढी

सहलीला निघताना घरात माझा एकच नियम असतो. तिकडे जाऊन कुणी स्वयंपाक करायचा नाही. मुलगा हसतो, म्हणतो, "आई, आजकाल कोण करतं?" तुला काय ठाऊक, बाळा.

आम्ही भोपाळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वाढलो. उन्हाळ्यात ब्लॉकमधली चार मराठी कुटुंबं मिळून पचमढीला जायची, कारखान्याच्या हॉलिडे होममध्ये. पुरुष बिस्तरे बांधायचे, बायका स्टोव्ह, पोळपाट आणि पिठाचे डबे. बाहेरचं खाल्लं तर जणू नाकच कापलं जायचं. आईच्या हाताला चव, म्हणून पुऱ्या तिच्याच. "वहिनी, तुमच्यासारख्या पुऱ्या कुणाला जमत नाहीत." जळलं मेलं ते कौतुक! त्यापायी आईने धूपगडच्या शिखरावरचा सूर्यास्त कधी पाहिला नाही. जीप निघायची वेळ आणि कणीक मळायची वेळ एकच. बाबा दरवेळी म्हणत, "तू पुढच्या खेपेला ये."

अशा किती खेपा गेल्या. मला बाबांचा राग यायचा, आईचा त्याहून जास्त, कारण ती "बरं" म्हणायची.

मी आठवीत असताना हबीबगंज स्टेशनवर बाबा सामान मोजत होते. "स्टोव्हची पिशवी कुठंय?"

"घरी. ओट्याखाली."

"विसरलीस?"

"नाही. ठेवून आले."

बाबांचा चेहरा पडला. "अगं, मग इतकी माणसं खाणार काय?"

"पचमढीची माणसं काय उपाशी झोपतात?"

शेजारच्या काकूंनी तोंडाला पदर लावला. त्या हसत होत्या हे मला दिसलं. गाडी फलाटाला लागली, आणि बाबांना घरी पळायला वेळच उरला नाही. पिपरिया स्टेशनला उतरेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले. आईने मात्र मस्त ताणून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पचमढीच्या बाजारात पोहे-जलेबी, दुपारी एका ढाब्यावर डाळ-बाटी. शेजारच्या काकांनी दोनदा मागून घेतलं. नाक कुणाचंच कापलं गेलं नाही. बायका दिवसभर मोकळ्या, त्यामुळे कुणी कुणावर खेकसलं नाही. सगळ्यांनी आधी असं का केलं नाही, हे मला आजही कळत नाही.

संध्याकाळी धूपगडच्या जीपमध्ये आई सगळ्यात आधी चढली. वर एका दगडावर बसून तिने सूर्य डोंगरामागे जाईपर्यंत बघितला. मंडळी उठली, चपला शोधू लागली. बाबा सवयीने म्हणाले, "चला, आवरा, उशीर होतोय."

आई जागची हलली नाही. "बसा हो जरा," ती म्हणाली, "आज माझं काही स्टोव्हवर ठेवलेलं नाही."

बाबांनी पायात घातलेल्या चपला पुन्हा काढल्या. मग तिच्याशेजारी बसले.