मॉस्कोतली माझी खिडकी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे अर्धं माझ्या बायकोला माहीत आहे, पण ते हसण्यावारी गेलेलं अर्धं. उरलेलं तिलाही ठाऊक नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा वय झालं म्हणून. काहीही समजा.

नव्वदच्या दशकाच्या अगदी सुरुवातीला मी रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळत होतो. तिथं एक रशियन मशीन आलं आणि त्याच्यासोबत रशियन भाषेतली जाडजूड पुस्तकं. ती वाचायला कुणीतरी हवं, म्हणून कंपनीनं मला मुंबईत रशियनच्या वर्गाला घातलं. मला ती भाषा आवडली. खरंच आवडली — यात खोटं काही नाही. मशीन बसवायला व्हिक्टर नावाचा इंजिनियर तीन महिने येऊन राहिला होता, त्याच्याशी बोलून बोलून माझी जीभ वळायला लागली. जाताना त्यानं मला एक डबा दिला. त्याच्या कॉलेजच्या दिवसांतल्या स्लाइड्स होत्या त्यात. चौक, पूल, ट्राम, आणि त्याच्या हॉस्टेलच्या खोलीची खिडकी. खिडकीच्या कट्ट्यावर बर्फ, पलीकडे बर्चचं एक झाड.

मलाही सहा महिने ट्रेनिंगला मॉस्कोला पाठवायचं ठरलं होतं. पासपोर्ट झाला. वाशीच्या शिंप्याकडे जाड कोट शिवायला टाकला. आणि तेवढ्यात तो देशच मोडला. कोट आला, जाणं राहिलं. घणसोली गावात आमची भाड्याची खोली होती, तिथं तो कोट खिळ्याला लटकत राहिला आणि बायको त्याच्या खिशात डांबरगोळ्या ठेवत राहिली.

आता तुम्हाला अंदाज आला असेल. येऊ द्या. पण तुम्हाला वाटतंय तेवढंच ते नाही.

वाशीच्या एका वाचनालयाचे चिटणीस पाटणकर सर — निवृत्त मास्तर, उत्साही माणूस — रशियाचं नेमकं काय झालं यावर बोलायला कुणी मिळतंय का म्हणून शोधत होते. कुणीतरी माझं नाव सांगितलं. रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये पन्नासेक लोक जमले होते. पाटणकर सरांनी माझी ओळख करून दिली ती ‘मॉस्कोत राहून आलेले’ अशी. त्यांना कुणी अर्धवट सांगितलं होतं की तेच तसं धरून चालले, देव जाणे. मी माईकसमोर उभा राहिलो. दुरुस्त करायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. वाटलं, शेवटी सांगू. शेवटी टाळ्या पडल्या.

घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “अहो, मॉस्कोला जाऊन आलात आणि मला साधं सांगितलंही नाहीत?” आम्ही दोघं पोट धरून हसलो. तेवढंच ते अर्धं.

पुढच्या व्याख्यानात खिडकीची स्लाइड पडद्यावर आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं — ‘ही माझी खिडकी.’ का? कुणी विचारलंही नव्हतं. पण ते म्हटल्याबरोबर हॉल शांत झाला, लोक पुढे झुकले, आणि मला ते आवडलं. तेव्हापासून मी व्हिक्टरची खिडकी माझी करून टाकली. नेरूळ, बेलापूर, पनवेल — जिथं बोलावतील तिथं मी ती घेऊन गेलो. समरकंदचे घुमट, ताश्कंदचे बाजार, सगळं पुस्तकांतून उचललेलं, पण सुरुवात ‘मी तिथं असताना’ अशी. घणसोलीत शेजारपाजाऱ्यांना ठाऊक होतं की मी कुठंही गेलेलो नाही. पण घणसोलीचं कुणी वाशीच्या व्याख्यानाला येत नसे.

दोन-तीन वर्षं अशी गेली. मग पाटणकर सरांनी कार्यशाळा ठरवली — तीन रविवार, रशिया आणि मध्य आशिया, थोडा इतिहास, थोडी भाषा. वीसेक जण आले. बँकेतले दोन निवृत्त साहेब होते. दिवाळे गावचे एक कोळी काका होते, त्यांना कॅस्पियन समुद्राचं भारी कुतूहल. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “सर, तिकरं मावरं सुकवतान का?” सुकवतात, मी म्हटलं, तिथली सुकी मासळी मी खाल्लीय. बघा, किती सहज.

आणि रुबिना होती. रुबिना मुकादम, अठरा वर्षांची. वडिलांची उरणला लाकडाची वखार. इथलं मेडिकल थोडक्या मार्कांनी हुकलेलं, म्हणून मॉस्कोच्या एका कॉलेजात अर्ज केला होता. ती पहिल्या रांगेत बसायची आणि मी बोलेन ते सगळं उतरवून घ्यायची. एक ते दहा रशियन आकडे तिला पहिल्याच रविवारी पाठ झाले. तिचे प्रश्न मात्र अवघड असायचे. खोलीत किती जणी राहतात? स्वयंपाक कुठं करायचा? तुमची खिडकी कुठल्या दिशेला होती? हॉस्टेल कुठल्या रस्त्यावर? मी नकाशात वाचलेल्या एका रस्त्याचं नाव ठोकून दिलं. तिनं तेही वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

दुसऱ्या रविवारी चहाच्या वेळेला ती धावतच आली. प्रवेश मिळाला होता. महिनाअखेरीपर्यंत होकार कळवायचा होता. ती इतकी खूश होती की हातातला कप हिंदकळत होता. म्हणाली, “सर, मी पहिल्याच आठवड्यात तुमचं हॉस्टेल शोधून काढीन. खिडकीचा फोटो काढून पाटणकर सरांना पाठवते, म्हणजे सगळ्यांना बघता येईल.” पाटणकर सर शेजारीच उभे होते. त्यांनी मान डोलावली, छान कल्पना म्हणाले. मीही हसलो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तिचे वडील, अब्दुलभाई, आमचा पत्ता शोधत घणसोलीला आले. हातात डबा, त्यात घरची सांदणं. गावातल्या गल्ल्यांत चार ठिकाणी विचारत आले होते, त्यामुळे मी आधीच धास्तावलो होतो. कुणी काही बोललं तर नसेल? तसं काही नव्हतं. ते फार साधेपणानं बसले. रुबिनाची आई आणि आजी नको म्हणत होत्या, पोरगी हटून बसली होती, आणि यांचं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. म्हणाले, “सर, आमाला तिथलं काय माहीत? तुमी राहून आलात. तुमी सांगाल तसं करू.”

बायको आत सांदणं ताटलीत काढत होती. कोट खिळ्याला होता, अब्दुलभाईंच्या डोक्याच्या जरा वर.

मी काय सांगू शकलो असतो? ‘मला माहीत नाही’ — हे एक. ‘मी कधीच गेलो नाही’ — हे दुसरं. दोन्ही खरी होती. मी म्हटलं, “मुलीला पाठवण्यासारखी जागा नाही ती. थंडी सोडा, पण माणसं, दारू, रस्त्यावरची भीती. मी डोळ्यांनी पाहिलंय.” शेवटचं वाक्य मी हळू, सावकाश म्हटलं. मी व्याख्यानाला उभा राहणारा माणूस, कुठलं वाक्य हळू म्हणायचं ते मला कळतं.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, वाचवलंत. आणि गेले. डोळ्यांनी काय पाहिलंत, असं बायकोनं विचारलं नाही. सांदणं छान झाली आहेत, एवढंच म्हणाली. ती आतून ऐकत होती की नाही, हे मी कधी विचारलेलं नाही.

त्या काळात मॉस्कोत हाल होते, हे मी पेपरात वाचत होतो. कदाचित माझा सल्ला बरोबरही निघाला असता. पुष्कळ वर्षं मी या ‘कदाचित’ला धरून बसलो. पण तो सल्ला मी तिच्यासाठी दिलाच नव्हता. एका फोटोला घाबरून दिला होता. ती सुखरूप जाईल, तो रस्ता शोधेल आणि तिथं हॉस्टेलच नसेल — मला भीती होती ती एवढ्याचीच.

तिसऱ्या रविवारी रुबिना आली, मागच्या रांगेत बसली. वही उघडली नाही. तिनं माझ्याकडे रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं, पण ती पाहतच नव्हती. मी समरकंदवर बोललो. चांगलं बोललो. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं.

नंतरही मी तीन वर्षं व्याख्यानं देत राहिलो. मग लोकांचा रस आटला, स्लाइड्सचे रंग उडाले, आणि ते आपोआप थांबलं. मी थांबवलं नाही.

दशक संपता संपता डॉक्टरांनी मला साखर तपासायला सांगितली. सकाळी उपाशीपोटी वाशीच्या एका लॅबमध्ये गेलो. पांढरा कोट घातलेल्या मुलीनं कागदावर माझं नाव वाचलं, वर पाहिलं आणि म्हणाली, “सर, ओळखलंत का?”

रुबिनाच होती. पुढे बीएस्सी केलं, मग हा लॅबचा कोर्स. लग्न झालं होतं. अब्दुलभाई आदल्या वर्षी गेले होते. माझ्या दंडाला रबर बांधता बांधता ती सांगत होती — अब्बा शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचे, सरांनी पोरीला वाचवलं म्हणायचे. मी तुमच्यावर फार चिडले होते सर, तेव्हा लहान होते. आता वाटतं, तुम्ही पाहिलेलं होतं, म्हणूनच सांगितलंत. ती वही अजून आहे माझ्याकडे.

मी तिच्या कोटाकडे पाहत होतो. तो डॉक्टरचा नव्हता. खिशाला पेन आणि नावाची पट्टी. सांगायला हीच वेळ होती, दुसरं कुणी खोलीत नव्हतंही.

“मूठ आवळा,” ती म्हणाली. मग सुई टोचताना हळू आवाजात मोजलं, “अदीन, द्वा, त्री.” लहान मुलं आली की त्यांनाही असंच मोजून दाखवते, रडायचं विसरतात, म्हणाली. नळी भरत आली. तिनं कापूस दाबला, माझा हात कोपरात दुमडला आणि विचारलं, “बरोबर म्हणते ना सर अजून? तिथल्यासारखं?”

मी म्हणालो, “अगदी तिथल्यासारखं.”