एका फॉर्मवर चौघांचा ट्रेड

समोरचा बोलायला लागला की तो मान जराशी डावीकडे कलती करायचा, उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरायचा आणि म्हणायचा, "हव." छत्तीसगढीतलं हे 'हो' रायपुरातल्या आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या मराठी घरांतही सर्रास चालतं, पण त्याच्याइतकं ते कुणी वापरलं नसेल. असा एखादा होकारी माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमचा जरा जास्तच होता. दोघांनी एकाच वेळी दोन दिशांना पाठवलं तर तो दोघांनाही हव म्हणायचा आणि चौकात जाऊन उभा राहायचा.

छत्तीसगढ राज्य नुकतंच वेगळं झालं होतं. रायपुर राजधानी झालं म्हणजे नेमकं काय झालं हे कुणाला नीट कळलं नव्हतं, पण आपली आता वरपर्यंत ओळख आहे असं जो तो समजत होता. मी एका नव्या खात्यात कारकून होतो. खातं नवं, इमारत जुनी आणि खुर्च्या दुसऱ्या खात्याच्या. पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, सल्ला देणाऱ्यांचं पीक आलं होतं आणि ऐकून घेणारं गिऱ्हाईक एकच होतं. ते माझ्या घरासमोर राहायचं.

त्याचे वडील रेल्वेत होते, ते गेल्यावर घरात आई आणि तो. जीवशास्त्र घेऊन बारावी झालेला. शाळेपासून त्याला फौजेत जायचं होतं आणि पळायचा असा की सायकलवाले मागे पडत. तरीही दोन भरती मेळावे हातचे गेले. पहिल्या वेळी कुणीतरी म्हणालं की घाई करू नकोस, पुढच्या वर्षी जा. हा हव म्हणाला. दुसऱ्या वेळी नेमक्या त्याच सकाळी शेजारच्या मावशींना दुर्गला लेकीकडे पोचवायचं होतं, आणि तिथंही तो हव म्हणून बसला होता. आता तिसरा मेळावा आठ महिन्यांवर आला होता. त्यानंतर त्याचं वय उलटणार होतं. म्हणजे हा हुकला की फौज संपली.

त्यात मेळाव्याच्या फॉर्मवर एकच ट्रेड लिहायचा होता. क्लर्क, टेक्निकल, नर्सिंग, स्वयंपाकी, यांतलं एक काय ते. जे लिहाल ते जन्मभर, मागाहून बदल नाही. हे पाऱ्यात कळलं मात्र, आम्ही चौघं कंबर कसून उभे राहिलो.

चौघांतला एक मी. माझं म्हणणं, क्लर्क हो. पंख्याखाली बसशील, वर्दीही मिळेल. मी घरी एक जुना टाइपरायटर आणला आणि त्याला रोज संध्याकाळी बसवू लागलो. बोटं चांगली चालायची. अडचण अशी की मागून कुणी काही बोललं की तेही तो टाइप करायचा. रजेच्या एका अर्जात 'महोदय, मी तीन दिवस आजारी असल्याने दूधवाला आला आहे पातेलं द्या' असं मी स्वतः वाचलं आहे. पातेलं माझ्या बायकोने मागितलं होतं.

दुसरा कूलर दुरुस्त करणारा भैया. त्याचं दुकान गल्लीच्या तोंडाशी. "टेक्निकल ले ले भाई, हाथ में हुनर रहेगा," असं म्हणून त्याने ऐन मे महिन्यात याला कूलरच्या मोटारी खोलायला बसवलं. याने पहिलाच कूलर दुरुस्त केला तो आमचा. वारा छान सुटला, पण खोलीत नाही, रस्त्यावर. आम्ही आत उकडत होतो आणि खिडकीबाहेर भाजीवाला, दोन रिक्षावाले आणि एक गाय डोळे मिटून उभे. भैया उलटं बसलेलं पातं सुलटं करायला आला तेव्हा रिक्षावाल्यांनी त्याच्याशी भांडण केलं. गाय तर पुढे आठवडाभर त्याच वेळी येत होती.

तिसरे कंपाउंडर काका, रेल्वेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. सुई टोचता आली की माणूस कुठेच उपाशी मरत नाही, हा त्यांचा सिद्धांत. त्यांनी त्याला वांग्यांवर इंजेक्शनचा सराव दिला. टोचून झालेली किलोभर वांगी त्याच्या आईने वाया जाऊ नयेत म्हणून भरून केली. वांग्यातून पाणी फुटत होतं आणि काका जेवताना म्हणत होते, किती हलक्या हाताने टोचलंय बघा. पट्ट्या बांधायच्या सरावासाठी डोकं माझं घेतलं. बांधली उत्तम, पण सोडवायची कशी हे काकांनी दुसऱ्या दिवशी शिकवायचं ठरवलं होतं. मी तसाच ऑफिसला गेलो. साहेबांनी काही न विचारता चार दिवसांची रजा दिली.

आणि चौथी त्याची आई. तिला ना कारकुनी कळत होती ना मोटार. तिचं एकच. "रसोड्यात राह्यला तर पोटभर खाशीन तरी," ती म्हणायची, कारण बंदुकीचा विचार तिला सहन होत नव्हता. तो तिलाही हव म्हणाला. गणपतीत मंडळाच्या पन्नास माणसांचा वडाभात तिने त्याच्यावर सोपवला. वास असा सुटला की शेजारच्या ब्राह्मणपाऱ्यातली माणसं विचारायला आली. पण तो भला माणूस पातेल्याजवळून जाणाऱ्या प्रत्येकाला चव द्यायचा आणि विचारायचा, मीठ बरोबर आहे ना. जो तो आपण काहीतरी बोललं पाहिजे म्हणून म्हणायचा, चिमूटभर टाक. त्या चिमट्या किती झाल्या कुणास ठाऊक. आम्ही त्या वर्षी प्रसाद पाण्यासोबत घेतला.

मेळाव्याच्या दिवशी पहाटे आम्ही चौघं त्याला घेऊन मैदानावर गेलो. फाटकातून फक्त उमेदवारांना आत सोडत होते. तो चौघांच्या पाया पडला, कूलरवाल्याच्यासुद्धा, आणि आत गेला. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेत बसलो. चौघांच्याही चेहऱ्यावर एक गुपचूप समाधान होतं, ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

"आपला पोट्टा आता नर्सिंगच्या लाइनीत लागला असंन," काका म्हणाले.

भैयाने बशी खाली ठेवली. "नर्सिंग काहे का? टेक्निकल भरूँगा बोला है मेरे को."

मी चष्मा पुसत दोघांना समजावलं की काल संध्याकाळीच त्याने मला क्लर्कचा शब्द दिला आहे. त्याच्या आईने पिशवीतून मसाल्याचा डबा काढून मांडीवर ठेवला. आत स्वयंपाकाची परीक्षा झाली तर लागेल म्हणून तिने तो आणला होता, आणि पहारेकऱ्याने आत नेऊ दिला नव्हता.

मग टपरीवर जे झालं त्याला भांडणच म्हणायला हवं. काकांनी शिस्तीवर भाषण दिलं, भैयाने मुलगा माझ्या हाताखाली तयार झाला असं सांगितलं, आणि मी टाइपरायटरचं वजन काढलं, जे मी स्वतः वाहून आणलं होतं. भांडून दम लागल्यावर काकांना एकाएकी सुचलं की हा सगळ्यांना हव म्हणाला आहे तर चारही ट्रेड लिहून टाकेल. तसं केलं तर फॉर्म रद्द. आमची तोंडं उतरली. आम्ही पळत फाटकावर गेलो आणि पहारेकऱ्याला विनवू लागलो की आत एक निरोप द्या. कोणता निरोप, असं त्याने विचारलं. चौघांनी चार सांगितले. त्याने आम्हाला दंडुका दाखवून परत पाठवलं.

त्याची आई बाकावर टेकली. "आपनच त्याले येडं केलं," ती म्हणाली. "आता वय गेलं का तो काय करंन?" दुपारपर्यंत आम्ही चहाही वेगवेगळा घेतला.

तीनच्या सुमाराला तो बाहेर आला. छातीवर निळ्या शाईने नंबर, गुडघ्यांना माती. पळण्यात पहिल्या गटात आला होता. आम्ही घेरल्यावर त्याचा हात कानाकडे गेला आणि मध्येच खाली आला.

"नर्सिंग," तो म्हणाला. काकांनी दोन्ही हात वर केले. "जनावराईचं." काकांचे हात तसेच राहिले.

मग त्याने आम्हाला समजावून सांगितलं. फौजेत खच्चरं, म्हणजे खेचरं, असतात, डोंगरावर सामान नेतात, आजारी पडतात, त्यांना पाहणारा माणूस लागतो. लेखी परीक्षा बाकी होती, पण फॉर्मवर एकच ट्रेड होता आणि तो त्याने स्वतः लिहिला होता.

"काहून पण?" मी विचारलं.

"खच्चर काही सांगत नाही न भाऊ. आपल्यालेच पाहून समजावं लागते, त्याले काय दुखून राह्यलं ते."

त्याची आई आधी हसली, मग पदर डोळ्याला लावला, मग पुन्हा हसली. खच्चराला बंदूक लागत नाही, एवढं तिला पुरे होतं. परतताना भैया मला म्हणाला की खच्चर म्हणजेही एक मशीनच आहे. काकांनी सुईचा उल्लेख केला. मला मात्र राग आला होता. आठ महिने मी त्याला रोज घरात बसवलं होतं आणि त्याने मला एका शब्दाने कळू दिलं नव्हतं.

लेखी परीक्षा तो पास झाला. निघायच्या दिवशी गाडी सकाळची होती. फलाटावर बाकीचे पाण्याची बाटली भरायला गेल्यावर मी ते बोलून टाकलं. मला तरी सांगायचं होतंस.

"मलेच ठाऊक नवतं भाऊ," तो म्हणाला. शेवटच्या टेबलावर एक वयस्क साहेब होते. पेन पुढे करून त्यांनी विचारलं, तुम क्या चाहते हो. "मी मागं वळून पाह्यलं. मले वाटलं, माह्या मागच्याले विचारून राह्यले."

"मग?"

"मागं कोनीच नवतं."

साहेब थांबले, असं त्याने सांगितलं. बराच वेळ थांबले, आणि मधे काही सुचवलं नाही. गाडी सुटली तेव्हा मी हात हलवत होतो आणि मला स्वतःची लाज वाटत होती. त्या आठ महिन्यांत मी त्याला अर्ज शिकवले, डोकं बांधायला दिलं, त्याचा खारट भात खाल्ला, पण त्या साहेबाने विचारलं ते मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता तो दूर कुठल्या कुठल्या पहाडात असतो. पत्रं येतात, त्यांत माणसांपेक्षा खच्चरांची खुशाली जास्त. दीड-दोन वर्षांनी सुट्टीवर आला की पंधरा दिवस तात्यापारा भरल्यासारखा वाटतो आणि पुढचे कितीतरी महिने रिकामा. आला की मी त्याला चौकातल्या नाश्त्याच्या दुकानात नेतो आणि विचारतो, काय खाणार. तो काचेतल्या थाळ्यांकडे पाहत उभा राहतो. एकेक पदार्थ बघतो. मागची माणसं चुळबुळ करतात, तेलातले वडे काढायला होतात, दुकानदार वैतागून माझ्याकडे वळतो आणि म्हणतो, बाबूजी, आप ही बता दो.

मी सांगत नाही.